शंभरी भरण्याआधी या धावपट्ट्यांची नोंद व्हावी

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण,
नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पश्चिम बंगाल, झारखंड आणि ओडिशा यांच्या सीमाभागात बांधल्या गेलेल्या आणि युद्ध संपताच ओस पडलेल्या लष्करी विमानतळांची पद्धतशीर नोंद आपल्या खात्याने आताच करून घ्यावी, अशी विनंती मला करायची आहे. हे विमानतळ साधारणपणे १९४२ ते १९४४ या काळातले आहेत. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ प्रमाणे एखादी वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असल्याशिवाय तिला प्राचीन स्मारक म्हणता येत नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने या धावपट्ट्यांचा नुसता विचार व्हायलाही २०४२ साल उजाडावे लागेल. त्याला अजून दीड दशकाहून जास्त अवधी आहे आणि तोवर तिथे नोंद करण्याजोगे फारसे काही उरणार नाही, अशी मला भीती वाटते.

मी महाराष्ट्रातला, पेशाने स्थापत्य अभियंता, आता निवृत्त आहे. १९८० च्या दशकात शिक्षणासाठी मी चार वर्षे खरगपूरला होतो. सुट्टी संपवून नागपूरहून हावड्याच्या गाडीने परतताना टाटानगर मागे पडले की घाटशिला, धालभूमगड, चाकुलिया, झाडग्राम अशी एकामागून एक स्थानके येत, आणि यांतल्या कितीतरी नावांपाशी जुना विमानतळ आहे हे तिथल्या एका बंगाली मित्राने सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते. एका रविवारी आम्ही दोघे सकाळच्या पॅसेंजरने चाकुलियाला उतरलो आणि चालत धावपट्टीवर गेलो. साल वृक्षांची विरळ राने संपतात आणि एकदम समोर काँक्रीटचा इतका मोठा सपाट विस्तार येतो की पहिल्या क्षणी डोळ्यांना त्याचा अंदाजच येत नाही. लाद्यांमधल्या सांध्यांतले डांबर जागोजागी निघून गेले होते आणि तिथे गवत उगवले होते, त्यामुळे सगळी पट्टी हिरव्या दोऱ्याने चौकटी आखल्यासारखी दिसत होती. एका कडेला बायकांनी सालाची पाने वाळत घातली होती, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर काँक्रीटचेच फुटके तुकडे ठेवले होते, आणि त्यांतल्या दोघी तिथेच सावली धरून पत्रावळी टाचत बसल्या होत्या.

मी तेव्हा काँक्रीट हा विषय नुकताच शिकत होतो, म्हणून लाद्यांच्या तुटलेल्या कडा वाकून पाहत होतो. आतली खडी एका मापाची नव्हती. लहानमोठी, धारदार कोपऱ्यांची, हातोडीने फोडलेली असावी अशी ती होती. आणि एका लादीच्या पृष्ठभागावर, हात फिरवला तर बोटांना लागेल इतपत, गोणपाटाच्या विणीचा ठसा होता. काँक्रीट ओतल्यावर ते उन्हाने तडकू नये म्हणून ओली गोणपाटे पसरून त्यांवर दिवसेंदिवस पाणी मारतात, ती पद्धत आजही बांधकामावर दिसते. इथे कुणीतरी थोडी घाई केली होती, काँक्रीट पुरते बसायच्या आत गोणपाट टाकले होते, आणि ती उभी-आडवी वीण चाळीस वर्षे तशीच राहिली होती. त्यानंतर मी अनेक राज्यांत रस्ते आणि पूल बांधले, परंतु केलेल्या माणसाचा हात इतका जवळून क्वचितच पाहिला. या पत्राचे मूळ त्या ठशात आहे.

आता थोडा इतिहास, कारण आपल्या खात्यात तो कुणाच्या टेबलावर आहे असे मला वाटत नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतल्यावर पूर्व भारत अचानक आघाडीवर आला आणि बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम इथे विमानतळांची झपाट्याने बांधणी सुरू झाली. भारत संरक्षण नियमांखाली जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या. १९४३ च्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या पहिल्या तुकड्या खरगपूरच्या परिसरात आल्या, कारण बी-२९ सुपरफोर्ट्रेस हे तेव्हाचे सर्वांत मोठे बॉम्बफेकी विमान जपानविरुद्ध वापरण्यासाठी हा भाग निवडला गेला होता. पूर्ण भरलेले हे विमान सुमारे ६० टनांचे, पंखांचा पल्ला १४१ फूट. आधी लिबरेटर विमानांसाठी केलेल्या सहा हजार फुटांच्या धावपट्ट्या त्याला अपुऱ्या पडत होत्या, म्हणून त्या लांबवल्या आणि जाड केल्या गेल्या. कोलकात्याजवळच्या बजबज बंदरापासून इंधनाची नळवाहिनी आणली गेली. या कामावर अमेरिकेचे सुमारे ६,००० अभियंते-सैनिक आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हाताखाली सुमारे २७,००० भारतीय मजूर होते.

महोदय, ते मजूर कोणत्या दिवसांत हे काम करत होते, इकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्याला भीषण चक्रीवादळाने झोडपले. समुद्राचे पाणी आत शिरून हजारो माणसे आणि त्याहून कितीतरी अधिक गुरे मेली, भाताचे उभे पीक गेले. त्यापाठोपाठ १९४३ चा बंगालचा दुष्काळ आला, ज्यात बळी पडलेल्यांची संख्या अभ्यासक साधारणपणे ३० लाखांच्या आसपास मानतात. विमानतळांचे हे मोठे काम त्याच जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या मुलुखात, त्या दुष्काळाच्या शेपटीला झाले. चाकुलियाला त्या दिवशी भेटलेल्या एका वृद्धाने माझ्या मित्राला संथाळी-बंगालीत सांगितले की त्याच्या आईने डोक्यावरून खडी वाहिली होती आणि मजुरीपेक्षा तिथे मिळणाऱ्या तांदळाचे तिला अप्रूप होते. तो स्वतः तेव्हा केवढा होता हे दाखवायला त्याने हात कमरेपाशी आडवा धरला. मी त्याचे म्हणणे वहीत उतरवून घ्यायला हवे होते; विशी न ओलांडलेल्या मुलाला ते सुचले नाही, याची खंत मला आजही आहे.

विमाने आली ती १९४४ च्या एप्रिलमध्ये. पहिले बी-२९ उतरले ते चाकुलियालाच, २ एप्रिल रोजी. पुढे चाकुलियाला ४० वा, पियारडोबाला ४६२ वा, खरगपूरला ४६८ वा आणि पुरुलियाजवळच्या छर्रा इथे काही आठवडे काढून दूधकुंडीला ४४४ वा असे चार बॉम्बर गट स्थिरावले. ५ जून १९४४ रोजी इथून ९८ विमाने बँकॉकच्या मक्कसन रेल्वे कारखान्यावर गेली. बी-२९ विमानांची ती पहिली युद्धमोहीम. दहा दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, चीनमधल्या चेंगडू इथल्या तळांवरून याच विमानांनी जपानमधील यावाता इथल्या पोलाद कारखान्यावर हल्ला केला. चेंगडू खरगपूरपासून सुमारे १,२०० मैलांवर, हिमालयाच्या पलीकडे आहे, आणि तिथे इंधनाचा थेंबन् थेंब हवेतूनच न्यावा लागत असे, म्हणून एका मोहिमेची तयारी करायला विमानांना हिमालयावरून पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागत. ही व्यवस्था परवडणारी नव्हती. १९४५ च्या वसंतात सगळे गट पॅसिफिक महासागरातल्या तिनियन बेटावर हलवले गेले, आणि ज्या धावपट्ट्यांसाठी एवढे रान उठवले होते त्या जेमतेम वर्षभराच्या वापरानंतर रिकाम्या झाल्या.

या विमानांनी जे बॉम्ब टाकले त्यांखाली बँकॉक, सिंगापूर आणि जपानमधली साधी माणसेही मेली. त्या मोहिमांचा गौरव व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही. ते युद्ध आपण पुकारलेले नव्हते. आपल्याला न विचारता आपल्या भूमीवरून ते लढले गेले. जमीन मात्र आपली होती, श्रम आपल्या माणसांचे होते आणि भूकही आपल्याच माणसांची होती, म्हणून त्याची नोंद ठेवण्याचे काम आपल्याकडे येते. या गटांतल्या वैमानिकांची नावे, विमानांचे क्रमांक, प्रत्येक उड्डाणाची वेळ हे सगळे अमेरिकी लष्करी अभिलेखांत व्यवस्थित जपलेले आहे. खडी वाहणाऱ्या २७,००० जणांपैकी एकाचेही नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

विमाने गेल्यानंतर या जागांचे जे झाले ते प्रत्येक ठिकाणी निराळे आहे. खरगपूरजवळचे कलाईकुंडा आज भारतीय हवाई दलाचा मोठा तळ आहे. दूधकुंडी हवाई दलाच्या गोळीबार सरावाची जागा झाली. चाकुलियाच्या धावपट्टीला १९७१ मध्ये पुन्हा एकदा युद्धाने गाठले, कारण बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणासाठी भारताने जे सहा विभाग केले होते त्यांतला ‘चार्ली’ विभाग चाकुलियाला होता. म्हणजे एकाच काँक्रीटवर २७ वर्षांच्या अंतराने दोन निराळ्या देशांची माणसे युद्धासाठी तयार झाली. पियारडोबा आणि छर्रा यांची आठवण कुणाला राहिली नाही. धालभूमगडला जुन्या धावपट्टीच्या जागी नवा नागरी विमानतळ करण्याच्या योजनेचे भूमिपूजन २०१९ मध्ये झाले आणि मग जंगल आणि हत्तींच्या वाटा यांचा प्रश्न उभा राहिला. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातील रासगोविंदपूरजवळचा अमर्दा रोड विमानतळ, जिथे ब्रिटिश हवाई दल आपल्या वैमानिकांना हवाई लढतीचे शिक्षण देत असे, त्याच्याही पुनरुज्जीवनाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे.

खरगपूरच्या हिजलीची गोष्ट या सगळ्यांत मला विशेष जवळची आहे. १९३० मध्ये तिथे राजबंद्यांसाठी स्थानबद्धता छावणी सुरू झाली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पोलिसांनी नि:शस्त्र बंद्यांवर गोळीबार केला आणि त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्ता हे दोघे मारले गेले. युद्धकाळात त्याच इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे वर सांगितलेले चारही बॉम्बर गट जिच्या हाताखाली होते तिचे, मुख्यालय होते. स्वातंत्र्यानंतर तिथेच देशातली पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. तुरुंग, युद्धाचे मुख्यालय आणि विद्यालय हे तिन्ही वीस-एकवीस वर्षांच्या आत एका छताखाली येऊन गेले. ही इमारत टिकली याचे कारण तिच्यात कुणीतरी सतत राहिले, तिची डागडुजी होत राहिली. तिच्यासाठीच बांधलेल्या म्हणता येतील अशा भोवतालच्या धावपट्ट्यांना तसे कुणी लाभले नाही.

पियारडोबाच्या बाबतीत तर हा भेद डोळ्यांत भरतो. विष्णुपूरहून मेदिनीपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दक्षिणेला ते स्थानक लागते. विष्णुपूरची विटांची मंदिरे आपल्या खात्याने उत्तम जपली आहेत आणि तिथली दलमादल तोफसुद्धा चौथऱ्यासकट संरक्षित आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांच्या मराठी फौजेवर ही तोफ स्वतः मदनमोहन देवाने डागली, अशी तिथली लोककथा आहे. मराठी माणूस म्हणून मी त्या तोफेपुढे उभा राहिलो तेव्हा मनात संमिश्र भावना होत्या, पण आपल्यावर चालून आलेल्यांची आठवणही त्या गावाने जपली याचा मला मनापासून आदर वाटला. आपल्या खात्याचा माणूस त्या तोफेची देखभाल करायला विष्णुपूरला नियमित जातो. त्याच मार्गावर थोडे पुढे असलेल्या धावपट्टीवर त्याने जावे असा आदेश कुणी काढलेला नाही, कारण तिचे वय भरलेले नाही.

वय हाच निकष सगळीकडे असतो असेही नाही. हे बॉम्बर गट ज्या तिनियन बेटावर गेले, तिथल्या युद्धकालीन नॉर्थ फील्ड धावपट्ट्या आणि अणुबॉम्ब विमानात चढवण्यासाठी खणलेले खड्डे यांना अमेरिकेने १९८५ मध्येच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. तेव्हा त्यांना जेमतेम ४१ वर्षे झाली होती. त्याच सुमारास मी चाकुलियाच्या लाद्यांवरून चालत होतो.

आता या जागांना काय होते आहे ते सांगतो. काँक्रीटच्या लाद्या उखडून गावरस्त्यांच्या भरावात, घरांच्या जोत्यांत, विहिरींच्या काठांना वापरल्या जातात, आणि ज्यांच्या आजोबांची जमीन सक्तीने गेली त्यांनी तिच्यावरचा दगड वापरला तर त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. काही ठिकाणी वनीकरण झाले आहे आणि मुळांनी लाद्या उचलल्या आहेत. जुन्या धावपट्टीवर नवी बांधणी होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात जुना थर यंत्राने फोडून काढला जातो. हे काम मी स्वतः इतरत्र केलेले आहे, त्यामुळे ते किती लवकर उरकते हे मला चांगले माहीत आहे. शिवाय या परिसरात युद्धातले न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. जून २०२४ मध्ये झाडग्राम जिल्ह्यातल्या भुलानपूर गावात असाच एक बॉम्ब मिळाला आणि तो निकामी करावा लागला. कुठे दारूगोळ्याची कोठारे होती, कुठे विमाने उभी करण्याच्या जागा होत्या, याचा नकाशा हाताशी असणे हा तिथे नांगर धरणाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

माझी मागणी स्मारकांची नाही. नवे विमानतळ थांबवा, गुरे हाकलून कुंपणे घाला, असेही मी म्हणत नाही. धालभूमगडहून एखाद्या आजारी माणसाला विमानाने हलवता येणार असेल तर जुन्या काँक्रीटने त्याची वाट अडवू नये. फक्त फोडण्याआधी मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारके व पुरावशेष मिशनचे काम वास्तू आणि स्थळांची राष्ट्रीय सूची तयार करण्याचे आहे. त्या सूचीत नोंद करायला १९५८ च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागत नाही आणि कुणाच्या जमिनीवर निर्बंधही येत नाहीत. आपल्या कोलकाता, रांची आणि भुवनेश्वर इथल्या मंडलांनी मिळून एक छोटे पथक केले, तर चाकुलिया, धालभूमगड, पियारडोबा, छर्रा आणि अमर्दा रोड एवढ्यांची मोजणी, रेखाटने, छायाचित्रे आणि काँक्रीटचे नमुने एका हिवाळ्यात होऊ शकतील. हे मी अंदाजाने म्हणत नाही, आयुष्यभर अशा मोजण्या केल्या आहेत म्हणून म्हणतो. दूधकुंडीसारख्या जागी जाण्यासाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागेल. ती मागण्याचा अधिकार आपल्या पत्राला आहे, माझ्यासारख्याच्या पत्राला नाही.

याहून निकडीचे काम माणसांचे आहे. त्या वेळी जी मुले आठ-दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. मोजणीचे पथक पुढच्या वर्षी गेले तरी काँक्रीट थोडेफार तिथे असेल, पण सांगणारी माणसे राहतीलच असे नाही. म्हणून पथक निघण्याची वाट न पाहता संथाळी आणि बंगाली जाणणाऱ्या तरुण अभ्यासकांना ध्वनिमुद्रणासाठी त्या गावांत आधी पाठवावे. कुणाची जमीन गेली, मोबदला मिळाला की नाही, मजुरी काय होती, अन्न काय मिळत असे, कामावर कोण दगावले, जानेवारी १९४५ मध्ये चाकुलियाला बॉम्ब उतरवताना मोठा स्फोट झाला तेव्हा गावात काय ऐकू आले, हे प्रश्न विचारायचे आहेत. सरकारी कागदांत याची उत्तरे असतीलच तर ती ताब्यात घेतलेल्या जमिनींच्या जिल्हा दप्तरांत असतील. ती दप्तरेही वाळवी लागण्याआधी पाहावीत.

तिसरी विनंती अगदी छोटी आहे. जिथे जिथे जुन्या धावपट्टीवर नवे बांधकाम होणार आहे, तिथल्या निविदेच्या अटींत एक कलम घालावे, की जुना थर काढण्यापूर्वी त्याची नोंद होईल आणि मूळच्या काही लाद्या न फोडता अख्ख्या काढून ठेवल्या जातील. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे ही सूचना आपल्याकडून गेली तर ती मानली जाईल, असा मला विश्वास वाटतो. त्या लाद्या नव्या विमानतळाच्या आवारात ठेवाव्यात, आणि फलकावर विमानांबरोबर मजुरांचाही उल्लेख असावा.

माझ्यापाशी चाकुलियाची त्या रविवारी काढलेली १४ कृष्णधवल छायाचित्रे आहेत. गोणपाटाच्या विणीचे एक छायाचित्र बऱ्यापैकी स्पष्ट आले आहे. लाद्यांची लांबी-रुंदी आणि तुटलेल्या कडेपाशी मोजलेली जाडी मी वहीच्या एका पानावर टिपून ठेवली होती. धावपट्टीच्या कोणत्या टोकापासून मोजले हेही त्यात लिहिलेले आहे, त्यामुळे ती लादी अजून जागेवर असेल तर ओळखता येईल. हे सगळे मी आपल्या कोलकाता मंडलाच्या कार्यालयात स्वतः आणून द्यायला तयार आहे, आणि पथक निघणार असेल तर त्याच्याबरोबर माझ्या खर्चाने चाकुलियाला यायलाही तयार आहे. नोव्हेंबरनंतर भाताची कापणी झालेली असते आणि सांध्यांतले गवत सुकू लागलेले असते, तेव्हा मोजणीला ते दिवस सोयीचे पडतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता